अमेरिकेतून पुण्याला परतताना: कोणतं क्रेडिट कार्ड ठेवायचं, कोणतं सोडायचं

परतायचं ठरलं की घर, शाळा आणि कंटेनरच्या गडबडीत पाकिटातल्या चार-पाच अमेरिकन कार्डांचा विचार शेवटी होतो. मग बहुतेक जण कुठलं कार्ड किती पॉइंट देतं, हे पाहत बसतात. त्याआधीचा प्रश्न असा की परतल्यावर तुमचा रोजचा खर्च कुठल्या चलनातून भागणार आहे?

डॉलरमधली बचत तिथल्याच बँकेत असेल, किंवा पगार अजून अमेरिकेतून येत असेल, तर अमेरिकन कार्ड भारतात वापरणं फायद्याचं आहे. फेमा या परकीय चलनविषयक भारतीय कायद्याच्या कलम 6, पोटकलम 4 प्रमाणे परदेशात रहिवासी असताना मिळवलेलं परकीय चलन परत आल्यावरही बाहेर ठेवता येतं. तेव्हा बिल भरायला पैसे तिथे आहेतच. वर व्हिसा-मास्टरकार्डचा विनिमय दर आंतरबँक दराच्या, म्हणजे बँका आपसांत वापरतात त्या दराच्या, अगदी जवळ असतो. हेच पैसे रेमिटन्सने, म्हणजे भारतातल्या खात्यात पाठवून, आणले तर दरातला फरक आणि रूपांतरावर किमान 45 रुपये जीएसटी जातो. फरक अर्धा टक्का धरला तरी 90,000 रुपयांमागे 450 रुपये. कार्ड हा खर्च वाचवतं आणि वर पॉइंटही देतं.

पगार रुपयांत असेल तर हिशोब उलटतो. बिल भरायला रुपयांचे डॉलर करून पाठवायचे म्हणजे बँकेचा दरातला फरक आणि वायर शुल्क आलंच. शिवाय परदेशी पैसे पाठवण्याच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली वर्षाला 2,50,000 डॉलरची मर्यादा आहे, आणि शिक्षण, उपचार सोडून इतर कारणांसाठी 10 लाख रुपयांपुढच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकून पडतो. एवढ्या खटाटोपात पॉइंटची कमाई उरत नाही. अशा घरानं सरळ भारतीय कार्ड घ्यावं.

आता ज्यांच्याकडे डॉलर आहेत, त्यांच्यासाठी. पहिली चाळणी फॉरेन ट्रान्झॅक्शन फीची, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या व्यवहारावर लागणाऱ्या शुल्काची. चेस फ्रीडम अनलिमिटेड आणि सिटी डबल कॅशवर ती 3 टक्के आहे. म्हणजे 2 टक्के परतावा देणारं डबल कॅश पुण्यात घासलं तर दर व्यवहारात 1 टक्का तोटा. ही कार्डं अमेरिकन वेबसाइटवरच्या खरेदीपुरती ठेवा. खालच्या पाचही कार्डांवर ही फी नाही.

तुलनेसाठी महिन्याचा खर्च 1,000 डॉलर धरला आहे. सोयीसाठी डॉलर 90 रुपयांचा, म्हणजे 90,000 रुपये. त्यातले 200 डॉलर हॉटेलात जेवण, 150 किराणा, 650 बाकी सगळं. कॅपिटल वन आपल्या पॉइंटना माइल म्हणते. शेवटच्या रकान्यात पॉइंटची साधी, खात्रीची किंमत घेऊन वार्षिक फी वजा केली आहे.

| कार्ड | वार्षिक फी | वर्षाची कमाई | फी वजा जाता |
|---|---|---|---|
| कॅपिटल वन सेव्हर | 0 | 204 डॉलर रोख | 204 डॉलर |
| कॅपिटल वन व्हेंचरवन | 0 | 15,000 माइल | 150 डॉलर |
| कॅपिटल वन व्हेंचर | 95 डॉलर | 24,000 माइल | 145 डॉलर |
| चेस सफायर प्रिफर्ड | 95 डॉलर | 16,800 पॉइंट | 73 डॉलर |
| अ‍ॅमेक्स गोल्ड | 325 डॉलर | 19,200 पॉइंट | उणे 210 डॉलर |

अमेरिकेत सगळ्यात चमकदार वाटणारं गोल्ड इथे तळाला का जातं? त्याचे किराण्यावरचे चौपट पॉइंट फक्त अमेरिकेतल्या सुपरमार्केटला लागू आहेत, त्यामुळे डीमार्टमध्ये डॉलरमागे एकच पॉइंट मिळतो. उबर कॅश, डंकिन आणि ठरावीक रेस्टॉरंटांची क्रेडिटं, म्हणजे तिथल्या खर्चावर मिळणारी सूट, धरून 325 डॉलर वसूल होतात असं आपण तिथे मानत होतो. ती सगळी अमेरिकेतच वापरता येतात. बिलात वळते केले तर एका पॉइंटचे 0.6 सेंटच मिळतात, आणि भारतात मोठी हॉटेलं, मॉल सोडले तर अ‍ॅमेक्स घेणारी दुकानं कमी. रेस्टॉरंटमधले चौपट पॉइंट मात्र जगभर मिळतात, हे त्याच्या बाजूनं.

सफायर प्रिफर्ड जेवणावर तिप्पट आणि प्रवासावर दुप्पट देतं, तेही जगभर. विमान, टॅक्सी, हॉटेल मुक्काम यांवर तुमचा खर्च मोठा असेल तर 73 चा आकडा बराच वर जाईल. घरी बसून किराणा आणि दवाखाना चालवणाऱ्या कुटुंबाला त्याचा उपयोग कमी.

व्हेंचर की व्हेंचरवन? पहिलं डॉलरमागे 2 माइल देतं, दुसरं 1.25. गेल्या 90 दिवसांतला प्रवासखर्च पुसायला माइल वापरला तर त्याचा 1 सेंट मिळतो. या हिशोबानं वर्षाला साधारण 12,700 डॉलर, म्हणजे 11.4 लाख रुपये कार्डावर गेले तरच 95 डॉलरची फी भरून निघते. माइल थेट रोख करू नका, अर्धा सेंटच हाती येतो.

आमची निवड सेव्हर आणि व्हेंचरवन ही जोडी. सेव्हर जेवणावर आणि किराण्यावर 3 टक्के देतं, आणि त्यात किराणा अमेरिकेतलाच हवा अशी अट नाही. दोन्ही कार्डं जवळ असली की सेव्हरचा रोख परतावा एका सेंटला एक माइल या दरानं व्हेंचरवनमध्ये वळवता येतो. वरच्याच खर्चात वर्षाला सुमारे 22,350 माइल जमतात, फी शून्य. मात्र 3 टक्के दुकानाच्या पाटीवर ठरत नाहीत, दुकानदाराच्या बँकेनं त्याला दिलेल्या वर्गवारी क्रमांकावर ठरतात. मिठाईचं दुकान रेस्टॉरंटमध्ये गणलं जाईलच असं नाही. मोठ्या हॉटेलातलं जेवण अनेकदा मुक्कामाच्या खर्चात धरलं जातं. पहिल्या महिन्यात प्रत्येक नेहमीच्या दुकानात एक छोटी खरेदी करून अ‍ॅपमध्ये किती टक्के पडले ते बघून घ्या.

जमलेले पॉइंट मायदेश-अमेरिका प्रवासाला वापरायचे असतील तर चेस, अ‍ॅमेक्स आणि कॅपिटल वन तिन्हींतून ते एअर कॅनडाच्या एअरोप्लान या पॉइंट योजनेत एकास एक जातात. एअर इंडिया जुलै 2014 पासून एअर कॅनडाच्याच स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यामुळे तिची तिकिटंही एअरोप्लानवर काढता येतात. 2020 पासून एअरोप्लान इंधन अधिभार लावत नाही. एअर इंडियासारख्या भागीदार कंपनीच्या विमानासाठी 39 कॅनेडियन डॉलर आणि विमानतळाचे कर एवढंच द्यावं लागतं. आधी सीट दिसते का ते पाहा, मगच पॉइंट हलवा, कारण हलवलेले पॉइंट परत येत नाहीत.

काउंटरवर सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे मशीननं ‘यूएसडी की आयएनआर’ विचारल्यावर डॉलर निवडणं. तिथे दर दुकानदाराची बँक ठरवते, आणि तो बहुधा 3 ते 5 टक्के महाग असतो. दर वेळी रुपयेच सांगा. स्लिपवर दोन्ही चलनं छापून आली तर सही करण्याआधी व्यवहार रद्द करायला लावा. पिन मागितला तर बहुतेक अमेरिकन कार्डांना तो नसतो. हिरवं बटण दाबून पुढे गेलं की सहीची स्लिप निघते. हे कॅशिअरला बऱ्याचदा आपणच सांगावं लागतं.

अमेरिकन कार्डावर सगळा संसार चालणार नाही, हेही धरून चला. ते यूपीआयला जोडता येत नाही, त्यामुळे भाजीवाला, रिक्षा, सोसायटीचा मेंटेनन्स बाहेरच राहतात. बऱ्याच भारतीय वेबसाइट परदेशी कार्ड नाकारतात, कारण त्या दुकानदारानं आंतरराष्ट्रीय पेमेंट सुरूच केलेलं नसतं. म्हणून जोडीला रुपे या भारतीय नेटवर्कचं एक क्रेडिट कार्ड घ्या, ते यूपीआयवर चालतं. इतकी वर्षं बाहेर राहिल्यानं सिबिल स्कोअर, म्हणजे भारतातला पतगुणांक, तयारच झालेला नसेल, तर मुदत ठेवीवर मिळणाऱ्या कार्डानं सुरुवात करा. रुपयांत मोठा पगार असणाऱ्यांना पुढे एचडीएफसी इन्फिनियासारखं कार्ड मिळालं, तर दर 150 रुपयांना 5 पॉइंट आणि बँकेच्या स्मार्टबाय वेबसाइटवर विमान-हॉटेलसाठी पॉइंटला 1 रुपया, म्हणजे 3.3 टक्के पडतात. वरच्या कुठल्याही अमेरिकन कार्डाच्या सरासरीपेक्षा हे जास्त आहे. फी मात्र 12,500 रुपये अधिक जीएसटी.

निघण्याआधीची कामं क्रमानं करा. नवं कार्ड हवं असेल तर चार-सहा महिने आधी अर्ज करा, कारण नंतर अमेरिकन पत्ता आणि उत्पन्न दाखवणं अवघड जातं. कॅपिटल वन तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे, म्हणजे कर्जाची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडे, चौकशी करते, तेव्हा ही माहिती कुणाला देऊ नये म्हणून आधी घातलेलं फ्रीझ उठवून ठेवा. घरच्यांची विमान तिकिटं आणि सामानाचं भाडं या नव्या कार्डावर टाकलं की स्वागत बोनससाठी ठरावीक खर्च करण्याची अट सहज पुरी होते. अमेरिकन मोबाइल नंबर बंद करू नका. कमी पैशांच्या प्रीपेड प्लॅनवर न्या आणि वायफाय कॉलिंग, म्हणजे इंटरनेटवरून त्याच नंबरची सेवा, अमेरिकेतच सुरू करून तपासा, कारण ओटीपी त्यावरच येणार. इंटरनेटवरचे फुकट नंबर अनेक बँका ओटीपीसाठी चालवून घेत नाहीत. पत्ता अमेरिकेतल्या जवळच्या नातेवाइकाचा द्या, आणि बिल तुमच्या अमेरिकन बँक खात्यातून पूर्ण ऑटोपेवर टाका.

फी असलेलं कार्ड बंद करण्याआधी पॉइंटची सोय लावा. व्हेंचरचं व्हेंचरवन करून घेता आलं तर माइल शाबूत राहतात आणि परदेशी फीही लागत नाही. सफायरचं फ्रीडम करता येतं, पण त्यावर 3 टक्के फी आहे आणि एकट्या फ्रीडममधून पॉइंट विमान कंपनीकडे जात नाहीत, म्हणून आधी ते हलवा. गोल्ड हे अ‍ॅमेक्सच्या मेंबरशिप रिवॉर्ड्स या पॉइंट योजनेतलं तुमचं एकमेव कार्ड असेल, तर ते बंद होताच सगळे पॉइंट जातात. वार्षिक फीची तारीख आजच कॅलेंडरमध्ये नोंदवा, आणि हे बदल तिच्या महिनाभर आधी करा.