नाट्यशास्त्र शिकवायचंय: नेट, पीएचडी, कलावंताची वाट की शाळा?

एमए नाट्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांचा हा नेहमीचा प्रश्न: "नाटक तर करणारच आहे, पण शिकवायचंही आहे. नेट देऊ का?" नेट म्हणजे महाविद्यालयात शिकवण्यासाठीची विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) राष्ट्रीय पात्रता परीक्षा. पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, दरवर्षी नवी तुकडी बाहेर पडते आणि प्रश्न तोच राहतो. उत्तर मात्र सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. नाटक शिकवण्याची पात्रता महाविद्यालयात वेगळी, शाळेत वेगळी आणि वर्षानुवर्षं रंगमंचावर काम केलेल्या कलावंतासाठी आणखी वेगळी आहे. म्हणून चारही वाटा शेजारी ठेवून पाहू. नेटवर मी जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत आणि नीट तयारी केली तर फरकही तिथेच पडतो.

महाविद्यालयात शिकवायचं असेल तर

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत नाट्य विषयाच्या सहायक प्राध्यापकासाठी दोन स्वतंत्र पर्याय दिले आहेत. पहिला सगळ्यांना माहीत आहे: संबंधित विषयात ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी (आरक्षित प्रवर्गांना ५ टक्क्यांची सूट) आणि नेट किंवा सेट (तशीच राज्यस्तरीय पात्रता परीक्षा), नियमांप्रमाणे पीएचडी झालेली असेल तर नेटमधून सूट. दुसरा पर्याय व्यावसायिक कलावंतांसाठी आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालय किंवा तशाच संस्थेची प्रथम श्रेणीतली पदवी अथवा पदविका, प्रादेशिक, राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय रंगमंचावर ५ वर्षं नियमित आणि नावाजलेलं काम, त्याचे पुरावे, आणि विषयाची तात्त्विक बाजू उदाहरणांसह शिकवण्याची क्षमता, अशा त्याच्या अटी आहेत.

मध्यंतरी "पीएचडी नसेल तर काही उपयोग नाही" अशी भीती पसरली होती. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक पदासाठी नेट, सेट किंवा स्लेट (सेटचंच दुसरं नाव) ही किमान अट आहे, त्यासोबत पीएचडी असणं ऐच्छिक आहे. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या नियमांचा मसुदा जाहीर केला आणि पुन्हा चर्चा सुरू झाली. मसुद्यावर आपला बेत आखू नका. ज्या पदासाठी अर्ज करताय त्याच्या जाहिरातीत कोणता नियम लिहिला आहे, तो शब्दन् शब्द वाचा.

सेटबद्दल एक सूचना. सेटची विषययादी नेटपेक्षा बरीच लहान आहे. तेव्हा "आधी सेट देऊ, मग नेट बघू" असं ठरवण्याआधी त्या वर्षीच्या यादीत आपला विषय आहे का, ते तपासा. नेटमध्ये तो आहे: विषय क्रमांक ६५, सादरीकरणात्मक कला (नृत्य, नाट्य, रंगभूमी).

नेटमधला पहिला पेपर, जो नाटकवाले सोडून देतात

दोन पेपर, एकच बैठक, ३ तास. पहिल्या पेपरला ५० प्रश्न आणि १०० गुण, दुसऱ्याला १०० प्रश्न आणि २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा ठेवायचं कारण नाही. दोन्ही पेपर मिळून खुल्या प्रवर्गाला ४० टक्के, आरक्षित प्रवर्गांना ३५ टक्के किमान लागतात. पण तेवढ्याने भागत नाही. दोन्ही पेपर दिलेल्यांच्या ६ टक्के इतक्याच जागा पात्रतेसाठी असतात. थोडक्यात, ही स्पर्धा आहे, उत्तीर्ण होण्याची परीक्षा नाही.

गुण ३०० पैकी एकत्र मोजले जातात. म्हणजे एक तृतीयांश गुण पहिल्या पेपरचे. तरी आपल्याकडची मुलं ग्रोटोव्हस्की आणि ब्रेख्त तिसऱ्यांदा वाचतात आणि पहिल्या पेपरला "जनरल नॉलेज आहे, होईल" म्हणून हात लावत नाहीत. मला हे मनापासून खटकतं, कारण याच कारणाने उत्तम नट आणि चांगले अभ्यासक काठावर राहतात. त्या पेपरात दहा घटक आहेत: अध्यापन, संशोधन, उताऱ्याचं आकलन, संप्रेषण, गणिती तर्क, तार्किक विचार, माहितीचं विश्लेषण, संगणक व माहिती तंत्रज्ञान, पर्यावरण आणि उच्च शिक्षण व्यवस्था. यातले गणित, तर्क आणि तक्ते वाचणं हे तीन घटक दहावीनंतर गणित सोडलेल्याला जड जातात, पण ते सरावाने येतात. रोज थोडी उदाहरणं सोडवली की गुण निश्चित वाढतात. तेवढ्याच वेळात दुसऱ्या पेपरात तितके गुण वाढवणं अवघड असतं.

तार्किक विचाराच्या घटकात भारतीय तर्कशास्त्रही येतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द, अर्थापत्ती, अनुपलब्धी ही प्रमाणं, व्याप्ती, हेत्वाभास. नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते आनंदाने करावं. भरताच्या रससूत्रावर (रस कसा निर्माण होतो हे सांगणाऱ्या सूत्रावर) शंकुकाने मांडलेला अनुमितिवाद अनुमान म्हणजे काय हे समजल्याशिवाय नुसता पाठ होतो, कळत नाही. एका अभ्यासात दोन्ही पेपरांचं काम होतं.

दुसरा पेपर: मराठी रंगभूमीच्या बाहेरचं जग

या पेपरात मराठी विद्यार्थ्याची एक मजबूत बाजू असते आणि तीच त्याला गाफील ठेवते. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे, १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल, संगीत नाटकाची परंपरा, दशावतार, तमाशा: हे रक्तात असतं. पण परीक्षा साऱ्या भारताची आहे. काश्मीरची भांड पाथेर, आसामचं अंकिया नाट आणि त्यामागचे शंकरदेव, मध्य प्रदेशची माच, गुजरातची भवाई, तामिळनाडूचं तेरुकूत्तू, कर्नाटकचं यक्षगान, बंगालची जात्रा, केरळचं कूडियाट्टम. प्रत्येकाचा प्रदेश, वाद्यं, मुख्य पात्र, वेशभूषेतली खूण. हे नकाशा समोर ठेवून शिका, यादी करून नव्हे. जोड्या लावा आणि कालक्रम लावा हे प्रश्नप्रकार या परीक्षेत नेहमीचे आहेत, आणि यादी पाठ केलेली असली की जोड्यांमध्ये हमखास घोटाळा होतो.

दुसरी अडचण त्याहून मोठी: नृत्य. विषयाच्या नावातच ते आहे, तरी नाटकाचे विद्यार्थी त्याकडे पाठ फिरवतात. भरताच्या नाट्यशास्त्रात असंयुत हस्त (एका हाताच्या मुद्रा) २४ आणि संयुत हस्त (दोन्ही हातांच्या मुद्रा) १३. नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पणात असंयुत २८ आणि संयुत २३. नृत्याच्या विद्यार्थिनीला हे झोपेत विचारलं तरी येतं, नाटकवाला मात्र दोन ग्रंथांचे आकडे एकमेकांत मिसळतो. कथकची लखनौ, जयपूर, बनारस घराणी, १९३६ मध्ये रुक्मिणीदेवींनी उभं केलेलं कलाक्षेत्र, २००० मध्ये आसामच्या सत्रियाला मिळालेली शास्त्रीय नृत्याची मान्यता; एवढं तरी हवंच.

यावर उपाय एकच सांगेन, आणि क्लास लावण्याआधी तो करून पाहा: नृत्यात एमए करणारी एक व्यक्ती अभ्यासाला सोबत घ्या. तुम्ही तिला स्तानिस्लावस्की, मेयरहोल्डचं जैवयांत्रिकी, आर्तो, अॅरिस्टॉटलची शोकांतिकेची सहा अंगं शिकवा. तिने तुम्हाला हस्त, करण, चारी, नायिकाभेद शिकवावेत. शरीराने करून दाखवलेला हस्त विसरला जात नाही.

भरताचा ग्रंथ मात्र दोघांनी मिळून मुळातून वाचावा. नाट्यगृहाचे विकृष्ट, चतुरस्र, त्र्यस्र प्रकार, चार अभिनय, चार वृत्ती, दहा रूपकं, पूर्वरंग, अर्थप्रकृती आणि संधी. नोट्समध्ये हे तक्त्यात येतं, पण विधान आणि कारण या प्रकारच्या प्रश्नांत "का" विचारतात, तिथे तक्ता उपयोगी पडत नाही. कैशिकी वृत्ती शृंगाराला का जुळते आणि आरभटी रौद्राला का, हे एकदा समजून घेतलेलं पुरतं.

क्लास की घरी अभ्यास

पहिल्या पेपरसाठी क्लास लावायला माझी हरकत नाही. तो सर्व विषयांना सारखा आहे, त्याचे चांगले शिक्षक सापडतात, ऑनलाइनही सापडतात. गणिताची भीती असेल तर नक्की लावा. दुसऱ्या पेपरसाठी मात्र पैसे देण्याआधी थांबा. तिथे तुमच्या विभागाचं ग्रंथालय, एमएच्या नोट्स आणि मागच्या प्रश्नपत्रिका हाच खरा आधार. एखादा क्लास नाट्याचा दुसरा पेपर शिकवतो म्हणत असेल, तर एक तास आधी बसू देता का ते विचारा आणि त्या तासात रससूत्राचे चार भाष्यकार भट्ट लोल्लट, शंकुक, भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांच्यातला फरक विचारून पाहा. चार नावांपुढे चार वाद लिहून गाडी पुढे गेली, तर ते काम तुम्ही घरीही करू शकता.

भाषेचा मुद्दा लहान आहे, पण तो विसरला तर भारी पडतो. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नाही. माध्यम अर्ज भरतानाच ठरतं. संस्कृत संज्ञा हिंदीत जवळपास तशाच भेटतात, म्हणून भारतीय नाट्यशास्त्रात पक्क्या असलेल्यांना हिंदी सोपी वाटते. पण पाश्चात्त्य रंगभूमी, नेपथ्य आणि प्रकाशयोजनेच्या हिंदी संज्ञांशी ओळख नसेल तर अर्थ लावण्यातच वेळ जातो. मागची एक प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत सोडवा, कोणती सहज जाते ते तिथेच कळेल.

पीएचडी आणि जेआरएफ

जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन प्रकारे लागतो: जेआरएफसह (संशोधनासाठीची कनिष्ठ शिष्यवृत्ती) सहायक प्राध्यापक पात्रता, सहायक प्राध्यापक पात्रता आणि पीएचडी प्रवेश, किंवा फक्त पीएचडी प्रवेश. नेटच्या गुणांवर पीएचडीला प्रवेश घेताना ७० टक्के वजन नेटला आणि ३० टक्के मुलाखतीला असतं. जेआरएफची रक्कम महिन्याला ३७,००० रुपये आहे. नाटकात संशोधन करणाऱ्याला याहून स्थिर आधार क्वचितच मिळतो. खुल्या प्रवर्गातल्या पुरुषांना जेआरएफसाठी वयाची मर्यादा ३० आहे, महिला आणि आरक्षित प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत. नुसत्या सहायक प्राध्यापक पात्रतेला वयाची अट नाही. म्हणून नेटऐवजी पीएचडी असा विचार करण्यापेक्षा नेटमधून पीएचडीकडे जाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पीएचडीला किमान ३ वर्षं लागतात आणि मार्गदर्शक मिळणं आपल्या हातात नसतं.

कलावंताची वाट

नियमात ही वाट आहे याचा मला आनंद आहे. आयुष्यभर रंगमंचावर उभं राहिलेल्या माणसाला फक्त पेपर दिला नाही म्हणून वर्गाबाहेर ठेवणं अन्यायाचं आहे. पण तिच्या भरवशावर नेट टाळणाऱ्यांना मी थांबवेन. प्रथम श्रेणीची पदवी किंवा पदविका ही अट त्यात आहेच. शिवाय "नियमित" आणि "नावाजलेलं" म्हणजे काय, ते निवड समिती ठरवते, आणि जाहिरातीत हा पर्याय नमूद असेल तरच त्याला अर्थ आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची पदविका महाविद्यालयीन अध्यापनासाठी एमएच्या तोडीची मानली जाते, हा तिथल्या स्नातकांचा मोठा फायदा. इतरांनी आजपासून पुरावे जमवावेत: राज्य नाट्य स्पर्धेची प्रमाणपत्रं, प्रयोगाच्या जाहिराती, वर्तमानपत्रातली परीक्षणं, संस्थेचं तारखांसह पत्र. पाच वर्षांनी ते शोधत बसलात तर निम्मे हाती लागत नाहीत.

शाळा

इथे परिस्थिती उलटी आहे. शासकीय आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या शिक्षकाला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते. त्यासोबत डीएलएड (प्राथमिक शिक्षणाची पदविका) किंवा बीएड, आणि महाराष्ट्रात पुढे टीएआयटी (शिक्षक अभियोग्यता चाचणी) व शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. टीईटीच्या १५० गुणांत बालमानसशास्त्र आहे, भाषा आहेत, गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रं आहेत, नाट्य नाही. तुम्ही भाषेचे किंवा सामाजिक शास्त्रांचे शिक्षक म्हणून आत जाता आणि नाटक स्वतःच्या जिद्दीने शाळेत आणता. खासगी, विशेषतः आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळा मुलाखत आणि प्रात्यक्षिक तास बघून नाट्यशिक्षक घेतात, तिथे नेटचा काही उपयोग नाही. मुलांसोबत तासभर काम करता येतं का, एवढंच पाहिलं जातं. त्यासाठी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या त्रिपुरा केंद्राचा शिक्षणातील रंगभूमीचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम हा मला नेटच्या तयारीपेक्षा कितीतरी योग्य पर्याय वाटतो. एनसीईआरटीच्या २०२४ च्या सहावीच्या कलाशिक्षणाच्या पुस्तकात नाट्याला चित्र, संगीत आणि नृत्याच्या बरोबरीने जागा मिळाली आहे. त्यामुळे येत्या काळात शाळेला नाट्य समजणारी माणसं लागतील, असं मला वाटतं.

मग कोणी काय करावं

एमएच्या शेवटच्या वर्षाला असाल तर या वर्षीच अर्ज भरा. पदवीचा निकाल यायचा असला तरी परीक्षेला बसता येतं. अभ्यास ताजा असतो, ग्रंथालय हाताशी असतं, आणि सहायक प्राध्यापक पात्रतेचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. परीक्षा जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते, म्हणून व्यावसायिक नाटकाचा दौरा ज्या हंगामात असेल तो टाळून दुसरा निवडा.

एमएला ५५ टक्के (आरक्षित प्रवर्गांना ५०) नसतील तर नेटच्या मागे वर्ष घालवू नका. आधी गुणसुधारणा किंवा दुसरी एमए शक्य आहे का ते पाहा; नसेल तर शाळा आणि कार्यशाळांचं क्षेत्र मोठं आहे.

चाळिशीत आलेला, दिग्दर्शन आणि नटांची तयारी करून घेण्यात मुरलेला कलावंत असेल, तर पुरावे जमवणं आणि पात्रतेपुरती नेट देणं, दोन्ही सोबत करा. वयाची अट नाही, आणि विद्यापीठात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवायला सुरुवात करताना नेट हातात असली की तासिका मिळायला सोपं जातं. पूर्णवेळ पदं मोजकी निघतात. निघाली तर सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. त्या जाहिरातीच्या दिवशी अर्जाला जोडायची कागदपत्रं, म्हणजे पदवी, नेट, जात प्रमाणपत्र, चालू वर्षाचं नॉन-क्रीमी लेअर आणि प्रयोगांचे पुरावे, एका फाइलीत तयार असू द्या.