जर्मन पायदळ रेजिमेंटला कुठली तोफ द्यायची? आयजी १८, एसआयजी ३३ की १२ सेंमी मॉर्टर

दुसऱ्या महायुद्धावर वॉरगेमचा (टेबलावर लढाई खेळायच्या खेळाचा) सिनारिओ, म्हणजे खेळायची एक लढाई, बनवताय आणि जर्मन बाजूला एक इन्फन्ट्री रेजिमेंट आहे, तर तोफखाना काय द्यायचा हा प्रश्न येतोच. बरेच जण १०.५ सेंमीच्या हॉवित्झर (उंच कमानीत गोळा टाकणाऱ्या तोफा) मांडतात आणि पुढे जातात. मला हे खटकतं, कारण त्या हॉवित्झर रेजिमेंटच्या नव्हत्याच, तिच्या वरच्या डिव्हिजनच्या होत्या. रेजिमेंटच्या कर्नलला कुणाला न विचारता वापरता येईल असा मारा त्याच्या १३ व्या कंपनीत होता, आणि जर्मन पायदळ कसं लढायचं ते समजून घ्यायचं तर ही कंपनी आधी बघायला हवी.

युद्धाच्या सुरुवातीला या कंपनीत ७.५ सेंमीच्या ६ हलक्या आणि १५ सेंमीच्या २ जड इन्फन्ट्री गन (पायदळाच्या स्वतःच्या तोफा) असायच्या. हलक्या गनच्या तीन प्लाटून, प्रत्येकीत दोन गन, आणि रेजिमेंटच्या बटालियन पण तीनच, त्यामुळे साधारणपणे एकेका बटालियनमागे एक प्लाटून लावायची आणि जड जोडी कर्नलने स्वतःच्या हातात ठेवायची. (१४ वी कंपनी रणगाडाविरोधी, ३.७ सेंमी पाकची, ती इथे मोजू नका.) ही कल्पना पहिल्या महायुद्धातली. जर्मन स्टॉर्म ट्रुप्सच्या लक्षात आलं की मागून येणारा मारा मशीनगनच्या एका घरट्यासाठी वेळेवर मिळत नाही, मग त्यांनी रशियनांकडून पकडलेल्या ७६ मिमी तोफा आखूड करून आपल्याबरोबर पुढे ओढल्या.

आता हलकी गन, म्हणजे आयजी १८. वजन साधारण ४०० किलो, गोळा ६ किलोच्या आसपास, पल्ला साडेतीन किलोमीटरच्या जरा वर. क्रू हाताने ढकलत तिला पुढे नेऊ शकायचा, अगदी पायदळाच्या बरोबर. नळी जवळपास ७३ अंशांपर्यंत उचलता यायची म्हणजे टेकडीमागे पण गोळा टाकता येतो, आणि समोर खिडकी दिसत असेल तर सरळ नेम धरून खिडकीत पण. एकाच गनमध्ये दोन्ही कामं, हे तिचं खरं बळ. कमजोरी म्हणजे गोळा लहान, चांगल्या बांधलेल्या बंकरला त्याने फारसं काही होत नाही, आणि सरळ नेमाने मारायचं तर गन शत्रूच्या नजरेत येते, मग क्रूची काय अवस्था होत असेल ते सांगायला नको.

जड गन, म्हणजे एसआयजी ३३, हे वेगळंच प्रकरण. १५ सेंमी, गोळा ३८ किलोचा, पायदळाच्या स्वतःच्या हातात एवढा मोठा गोळा त्या काळात क्वचितच कुणाकडे होता. घर, बंकर, तटबंदी यांच्यासाठी हिला पर्याय नाही, आणि अडथळे फोडायला तर नळीच्या तोंडावर बसवायचा जवळपास ९० किलोचा खास गोळा पण होता, तो फक्त किलोमीटरभर जायचा. पण गनचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास, ओढायला घोडे, आणि पल्ला साधारण ४.७ किलोमीटर, म्हणजे एवढं धूड शत्रूच्या जवळ न्यायलाच लागतं. चिखलात किंवा मारा चालू असताना जागा बदलायची तर जीव जातो. जर्मनांना हे कळलं होतंच, म्हणून १९४० मध्ये त्यांनी ती गन पँझर १ या रणगाड्याच्या चॅसीवर चढवली (३८ गाड्या बनल्या), आणि १९४२ च्या शरदात स्टालिनग्राडसाठी जाड चिलखताची गाडी बनवली, एकूण फक्त २४, त्यातल्या १२ तिकडे पोचल्या. शहरातल्या लढाईचा सिनारिओ असेल तर एसआयजी हवीच, मोकळ्या मैदानात मी तिच्यावर खेळातले पॉइंट (सैन्य निवडायला मिळणारे गुण) घालवणार नाही.

आणि मग १२ सेंमी मॉर्टर (उखळी तोफ), ग्रानाटवेर्फर ४२. पूर्व आघाडीवर सोव्हिएत १२० मिमी मॉर्टरचा मार खाल्ला, पकडलेले वापरून बघितले आणि मग सरळ त्याची नक्कल केली. यातले आकडे नीट बघा, कारण माझ्या मते सगळा निर्णय इथेच होतो: बॉम्ब जवळपास १५.८ किलोचा, पल्ला ६ किलोमीटर, आणि मॉर्टरचं वजन २८० किलोच्या आसपास. डिव्हिजनच्या १०.५ सेंमी हॉवित्झरचा गोळा १४.८ किलोचा आणि ती हॉवित्झर जवळजवळ दोन टनांची! म्हणजे गोळ्याचं वजन जवळपास तेच, तेही आयजी १८ पेक्षा हलक्या हत्यारातून, आणि कर्नलच्या स्वतःच्या हुकमावर. बनवायला सोपं, लपवायला सोपं, खड्ड्यात बसवून मारा करता येतो. फक्त सरळ नेम नाही, खिडकीत किंवा बंकरच्या भोकात बॉम्ब घालायचा म्हटलं तर ते जमणार नाही, आणि पल्ला हॉवित्झरच्या साडेदहा किलोमीटरपुढे कमीच.

डिव्हिजनच्या तोफखान्याबद्दल थोडक्यात. ३६ हलक्या आणि १२ जड हॉवित्झर, बहुतेक वेळा एका रेजिमेंटमागे १२ हलक्यांची एक आर्टिलरी बटालियन. एकवटून मारा केला तर इन्फन्ट्री गन त्याच्या जवळपास पण येत नाहीत, पण ती बटालियन डिव्हिजन कधीही दुसरीकडे वळवू शकते, म्हणून सिनारिओत ती "मिळाली तर मिळाली" अशीच ठेवा, फासा टाकून.

ब्रिटिश पद्धत बरोबर उलटी. डिव्हिजनच्या ७२ पंचवीस पौंडी (२५ पौंडांचा गोळा टाकणाऱ्या) तोफा एका निशाण्यावर पटकन आणायच्या आणि बटालियनकडे ३ इंची मॉर्टर. इटलीत जर्मनांशी लढलेल्या आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन पण याच साच्यातल्या, इन्फन्ट्री गन हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. अमेरिकन मात्र जर्मनांसारखा विचार करून रेजिमेंटमध्ये १०५ मिमीच्या ६ गनची कॅनन कंपनी ठेवायचे.

तर निवड अशी करा. १९३९ ते ४१, पोलंड फ्रान्स किंवा रशियातली पहिली चढाई असेल तर बटालियनमागे दोन आयजी १८ आणि राखीव एसआयजीची जोडी, यात फार डोकं लावायची गरज नाही. १९४३ नंतर बचावाची लढाई असेल तर मी डोळे मिटून १२ सेंमी मॉर्टर घेईन, हलक्या गन कमी करून. १९४४ च्या शेवटी फोल्क्सग्रेनेडियर (युद्धाच्या शेवटी उभारलेलं पायदळ) रेजिमेंटसाठी जर्मनांनी स्वतःच तेच केलं, १३ व्या कंपनीत ८ मॉर्टर आणि ७.५ सेंमीच्या फक्त ४ गन. तुमच्या सिनारिओत अशी रेजिमेंट असेल तर त्या ४ गन मागे मॉर्टरशेजारी मांडू नका, जोडीजोडीने पुढे द्या आणि समोर रस्ता किंवा गावाचं टोक सरळ दिसेल अशा जागी लपवा.