टाकी कायम दोन-तृतीयांश! ट्रेलर घेऊन दक्षिणेत हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

वॉरंटी संपायच्या आत शेवटचा प्रयत्न म्हणून ट्रेलर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) इथल्या, म्हणजे मिशिगनमधल्या डीलरकडे नेला, तर 'दोष आढळला नाही' असं लिहून तपासणीचं बिल हातात ठेवलं. दोष निघाला असता तर तपासणी वॉरंटीत. निघाला नाही म्हणून खर्च आमचा. आणि दोष आहे की नाही हे ठरवणार कोण, तर तेच! बिल भरून आल्यापासून डोकं तापलंय. लांबी, वजन, पलंग किती वगैरे माहिती कंपनीच्या पत्रकात मिळेल. मला बोलायचंय ते ग्रे टँकच्या, म्हणजे सिंक आणि शॉवरचं पाणी साठणाऱ्या टाकीच्या दिव्याबद्दल.

ओट्याशेजारच्या पॅनेलवर बटण दाबलं की ही सांडपाण्याची टाकी किती भरली ते दिवे दाखवतात. आमची टाकी कायम दोन-तृतीयांश. रिकामी करा, दोनदा धुवा, परत बटण दाबा, तरी दोन-तृतीयांश.

एवढा पंचवीस फुटी ट्रेलर घेतला आणि हिला दिवाच दिसला, असं ह्यांचं म्हणणं आहे. नळ, वीज, गटार जोडून मिळणाऱ्या पार्कात राहणाऱ्यांना हा दिवा आयुष्यभर बघावा लागत नाही. पण आम्ही हिवाळा काढतो क्वार्टझसाइटला, ॲरिझोनाच्या वाळवंटात, ला पोसा नावाच्या सरकारी माळावर. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची जागा. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अख्ख्या मोसमाचे १८० डॉलर. फ्लोरिडातल्या बऱ्यापैकी पार्कात तेवढ्यात तीन रात्री निघाल्या तर नशीब. अर्थात या पैशात आपल्या जागेवर ना वीज, ना नळ, ना गटार. सांडपाणी जमिनीवर सोडायला सक्त मनाई, अगदी भाजी धुतलेलं पाणीसुद्धा. टाकी भरली की बाहेर मांडलेल्या खुर्च्या, चटया, सौर पॅनेल सगळं आवरायचं, ट्रेलर ट्रकला जोडायचा आणि डम्प स्टेशनच्या, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागेच्या, रांगेत उभं राहायचं. जानेवारीत, आरव्हींच्या, म्हणजे अशा फिरत्या घरांच्या, मोठ्या प्रदर्शनाच्या दिवसांत, अर्धा दिवस त्यातच जातो. आधी ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. हे काम हातमोजे घालून हेच करतात, मी लांबून सूचना देते.

म्हणजे दिवा खोटं बोलला की एक तर उगाच फेरी, नाही तर शॉवरच्या जाळीतून वर येणारं भांड्यांचं पाणी. आम्ही दोन्ही भोगलंय.

पहिल्या मोसमात मी सगळा दोष डीलरला दिला. ॲरिझोनातल्या एका दुरुस्तीवाल्याने वॉरंटीत सेन्सर बदलून दिला. आठवडाभर दिवे शहाण्यासारखे वागले, मग परत तेच. दुसऱ्यांदा गेलो तर त्याने विचारलं, तुम्ही स्वयंपाकात तेल किती वापरता? मी फोडणीपुरतं तेल घालते, कढई कागदाने पुसल्याशिवाय सिंकमध्ये जात नाही, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा वेगळं ठेवून ब्लॅक टँकमध्ये टाकते. आणि आमच्या शेजारी मिनेसोटाचं जोडपं राहतं, रोज सकाळी बेकन तळणारं. त्यांची टाकीही दोन-तृतीयांशच! मग आमच्या फोडणीचा काय संबंध?

हे निवृत्त इंजिनियर. त्यांनी शेवटी कागदावर आकृती काढून समजावलं, आणि तिथे माझं मत थोडं बदललं. टाकीच्या भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर धातूचे खिळे बसवलेले असतात. पाणी खिळ्यापर्यंत पोचलं की त्यातून वीज वाहते आणि दिवा लागतो. पण साबणाचा आणि तेलकट थर भिंतीवर बसला की तो ओला थरही वीज वाहून नेतो. पाणी खाली गेलं तरी दिवा लागलेलाच. म्हणजे सेन्सर बिघडलेला नाही, तो असाच आहे. बिघाड आहे तो असा स्वस्तातला जुगाड हजारो डॉलरच्या वस्तूत बसवणाऱ्याच्या हिशोबात. आणि कंपनी बदलून उपयोग नाही, कारण अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपासच बनतात आणि हे खिळे स्वस्तातल्या बहुतेक ट्रेलरमध्ये असतात.

लोकांचे उपाय ऐकण्यासारखे असतात. टाकीत बर्फाचे तुकडे टाकून गाडी चालवा, भांड्यांचा साबण ओता, कपडे मऊ करायचं द्रावण ओता. बर्फ टाकला. चार पिशव्या बर्फ अंगाला लावून न घेता टाकी दोन-तृतीयांशच राहिली. शेवटी मी वहीच घातली. भांडी एवढी, अंघोळ तेवढी, हिशोब लिटरमध्ये. माझी वही दिव्यापेक्षा खरी निघाली.

बाकी ट्रेलर? बाकी चांगला आहे, हे सांगायला हवं. फ्रिज तर फारच आवडला. आधीच्या सेकंडहँड ट्रेलरमध्ये गॅसवर चालणारा अमोनियाचा फ्रिज होता. गाडी जरा तिरकी उभी राहिली की थंड व्हायचाच नाही, आणि तसाच चालू ठेवला तर कायमचा बाद होण्याची भीती. यातला बारा व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला आहे. उतारावर उभा करा, काही फरक नाही, दही आंबट होत नाही. बॅटरी मात्र खातो. डिसेंबरात सूर्य कलतो तेव्हा छतावर आडवं झोपलेलं पॅनेल पुरत नाही, म्हणून जमिनीवर तिरपं उभं करायचं एक वेगळं घेतलं. फर्नेसचा, म्हणजे ट्रेलर गरम ठेवणाऱ्या हीटरचा, पंखा रात्री उरलेली बॅटरी संपवतो आणि आवाजाने झोपही. वाळवंटातल्या रात्री गार असतात, मुंबईच्या थंडीचा अंदाज घेऊन येऊ नका.

मिशिगनहून निघताना पाइप थंडीत गोठून फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी अँटीफ्रीझ असतं, त्यामुळे ॲरिझोनात उतरेपर्यंत आम्ही नळ उघडत नाही. पिण्याला, भांड्यांना कॅनमधलं पाणी. ओक्लाहोमानंतर आय-४० महामार्गाने सरळ गेलं तर फ्लॅगस्टाफ लागतं, सात हजार फूट उंची, बर्फाची हमी. म्हणून न्यू मेक्सिकोत सांता रोझाला वळून ५४ नंबरच्या रस्त्याने अलामोगोर्डो, तिथून व्हाइट सँड्सवरून लास क्रुसेस आणि मग आय-१०. टेक्सासमध्ये आडव्या वाऱ्यात ट्रेलर हलला नाही, याचं श्रेय ट्रेलरपेक्षा वजन वाटून देणाऱ्या हिचला, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या सांध्याला. त्यावर पैसे वाचवू नका. हे मी सांगतेय, लक्षात घ्या.

क्वार्टझसाइटला यायचं आणखी एक कारण दात. युमाला जायचं, सीमेपलीकडे मेक्सिकोत चालत लोस अल्गोडोनेस, तिथे सगळे दंतवैद्यच दंतवैद्य. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, एरवी दातांचा खर्च देत नाही, तिथे क्राउन (दातावरची टोपी) निम्म्याहून कमी पैशांत होतो. पासपोर्ट न्या, परतीच्या रांगेसाठी पाणी न्या. क्वार्टझसाइट गावात हाय जॉलीची कबरही बघा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी सैन्याने वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला हाजी अली म्हणजेच हा हाय जॉली. कबरीच्या पिरॅमिडवर उंट उभा आहे.

तर घ्यावा का? नवा घेऊ नका. दोन-तीन वर्षं वापरलेला घ्या, आणि विकणाऱ्याच्या देखत टाकी रिकामी करून बटण दाबा. दिवा दोन-तृतीयांश दाखवेलच, तेवढ्यावर भाव उतरवा. टाकीच्या बाहेरून चिकटवायचा, पाण्याला न शिवणारा सेन्सर मिळतो. शेजाऱ्यांनी बसवला, टक्क्यांत आकडा देतो आणि त्यांच्याकडे तरी बरोबर देतो. तो लावायला खालचं प्लॅस्टिकचं आवरण कापावं लागतं, आणि कापलं तर वॉरंटी जाईल, असं डीलरने बजावलं होतं. आता वॉरंटीच नाही. ह्यांनी कटर काढून ठेवलाय, सेन्सर ग्रे टँकपुरताच मागवलाय. ब्लॅकचा नंतर बघू, तिथे माझी वही पुरते.