प्रूफ नाण्यांसाठी १० पट लूप: घ्यावा का?

प्रूफ नाणी म्हणजे संग्रहासाठी खास पाडलेली, आरशासारखी चकचकीत नाणी; त्यांवरचे बारीक चरे बघायला लूप, म्हणजे डोळ्याशी धरायचं छोटं भिंग. तीन भिंगांचा, दुमडता, १० पट लूप. घ्यावाच. दांड्यावर '३० पट' छापलेले स्वस्तातले मात्र नकोत. त्यांत कडेला चित्र वाकतं आणि रंगीत झालर दिसते.

नाणं भिंगापासून साधारण अडीच सेंटिमीटरवर धरावं. लूपचा एलईडी बंद, कारण तो चहूबाजूंनी उजेड टाकून चरे गिळतो. बाजूला एकच पिवळा बल्ब, आणि नाणं हळूहळू कलतं करत फिरवायचं. व्हिक्टोरियाच्या प्रूफ रुपयाच्या आरशासारख्या सपाट भागावर एखाद्या कोनात कोळ्याच्या जाळ्यागत रेघा चमकतात नि लगेच विझतात. रेघ कोरल्यासारखी खोल असेल तर ती हेअरलाइन, म्हणजे कुणीतरी नाणं पुसलंय. उठावदार असून अक्षराच्या कडेशी थांबत असेल, तर ती नाणं पाडायच्या साच्याच्या पॉलिशची. तिचा दोष नाण्याला नाही. हेअरलाइन्स दाट असल्या की दर्जा पीएफ (प्रूफ नाण्यांची ७० पर्यंतची श्रेणी) ६० ते ६३ मध्येच अडकतो, ६५ ला थोड्याशाच खपतात. ७० साठी ५ पट भिंगाखाली नाणं पाडल्यानंतरचा एकही दोष दिसता कामा नये.

लूप चरे दाखवतो, थांबवत नाही. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या, दमट हवेत चांदी काळवंडते आणि हात चिंचेकडे, राखेकडे जातो. तिथेच घात. अहो, चरे पाडायला मऊ सुती फडकंसुद्धा पुरतं! पीव्हीसी (मऊ प्लॅस्टिक) पाकिटाचा हिरवट चिकटा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवावं, घासू नये, आपोआप वाळू द्यावं. नंतर नाण्याची घट्ट प्लॅस्टिक कॅप्सूल, डब्यात सिलिका जेल. लूपही त्याच डब्यात ठेवा; पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते.