सोनारक्यूब आणि टेक्निकल डेटचा हिशेब: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचा कोडबेस जावा आणि स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कचा, बऱ्याच वर्षांचा आणि बऱ्याच हातांखालून गेलेला. टेक्निकल डेट, म्हणजे कोडमध्ये मागे राहिलेलं आणि कर्जासारखं पुढे कधीतरी फेडावं लागणारं दुरुस्तीचं काम, साचलंय हे टीममध्ये सगळ्यांना माहीत होतं. कुठे आणि किती, हे विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं. म्हणून कोड आपोआप तपासून त्रुटी दाखवणाऱ्या सोनारक्यूब या टूलची फुकट मिळणारी कम्युनिटी बिल्ड आमच्याच सर्व्हरवर बसवली. सोबत येणारा एच-टू डेटाबेस फक्त चाचणीपुरता असतो, त्यामुळे पोस्टग्रेस वेगळा लावा. आत इलास्टिकसर्च हे सर्च इंजिन चालतं, रॅम सढळ हाताने द्या.

स्कॅन झालं की मेंटेनॅबिलिटी (कोड सांभाळायला किती सोपा) या सदराखाली डेटचा आकडा दिवसांत दिसतो. तो कसा निघतो हे समजून घेतल्याशिवाय मॅनेजरला दाखवू नका. प्रत्येक नियमाला दुरुस्तीची मिनिटं ठरवून दिलेली असतात, त्यांची बेरीज होते, ८ तासांचा एक दिवस धरला जातो. रेटिंगसाठी मग एक ओळ लिहायला ३० मिनिटं लागतात असं गृहीत धरतात आणि त्या खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत डेट असेल तर ‘ए’ मिळतो. आता १ लाख ओळी घ्या. खर्च झाला ५०,००० तास, म्हणजे ६,२५० दिवस. त्याचे ५ टक्के ३१२ दिवस. एवढं काम डोक्यावर असताना हिरवा ‘ए’ झळकतो! आमच्याकडेही तो होता, आणि तरी काही मॉड्यूलमधल्या साध्या बदलाला आठवडा लागत होता. या अक्षरावर मी विसंबत नाही.

खरा फायदा झाला तो नव्या कोडवरच्या क्वालिटी गेटचा, म्हणजे कोड पास की नापास ठरवणाऱ्या अटींचा. मूळ सेटिंगमध्ये नव्या कोडला ८० टक्के टेस्ट कव्हरेज (चाचण्यांखाली येणारा कोड) लागतं आणि डुप्लिकेशन (तोच कोड पुन्हा लिहिणं) ३ टक्क्यांच्या वर चालत नाही. जुन्याला हात लावायची सक्ती नाही, नवं मात्र स्वच्छच हवं. कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे मेथड समजायला किती अवघड आहे याचा आकडा, १५ च्या वर गेली की टूलच सांगतं, त्यामुळे ‘ही मेथड फार मोठी झाली’ यावरचे रिव्ह्यूमधले वाद जवळपास थांबले. मर्यादा एक मोठी आहे: फुकटच्या आवृत्तीत ब्रांच (कोडची वेगळी शाखा) आणि पुल रिक्वेस्ट (ती मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) यांचं स्कॅन मिळत नाही. गेट लाल होतं ते बदल मुख्य कोडमध्ये मर्ज झाल्यावर. म्हणून सोनारचं एडिटरमधलं प्लगइन सगळ्यांना सक्तीचं करा, बरंचसं लिहितानाच पकडलं जातं.

अमेरिकन प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये अशा कामाला कर्जाची उपमा दिली, तेव्हा त्यांचा रोख आपली समज वाढत जाते आणि कोड मागे राहतो, याकडे होता. हे कर्ज सोनारक्यूबला दिसत नाही. दोन सर्व्हिस एकाच टेबलमध्ये लिहितात, हे त्याला कळत नाही. स्प्रिंग बूट ३ वर जायचं तर किमान जावा १७ हवं आणि ‘जावाएक्स’ नावाने सुरू होणारी कितीतरी पॅकेजेस ‘जकार्ता’ या नव्या नावावर न्यायची, या कामाचे दिवस त्या बेरजेत नाहीत. म्हणून रिपॉझिटरीतच एक साधी फाइल ठेवली. प्रत्येक नोंदीत तीनच गोष्टी: कर्ज कुठे आहे, त्यामुळे कुठलं काम रखडतं, आणि ते कुठल्या कामासोबत फेडायचं. ‘कोड घाण आहे’ एवढीच नोंद आम्ही घेत नाही.

कुठलं कर्ज आधी फेडायचं याचा क्रम लावायला गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदवही, पुरतो. वर्षभरात कुठली फाइल किती कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलांत) आली ते मोजायचं आणि सोनारक्यूबच्या यादीशेजारी ठेवायचं. दोन्हीकडे वर असलेल्या फाइल आधी घ्यायच्या. आमच्याकडे त्या मोजक्याच निघाल्या. सोनारक्यूबच्या यादीत सगळ्यात वर असलेली एक फाइल मात्र वर्षानुवर्षं कुणी उघडलेलीच नव्हती. ती आम्ही तशीच सोडली आहे.