बाणाची व्हेन (मागच्या टोकाची पिसासारखी पाती) चिकटवायला इन्स्टंट ग्लू की सॉल्व्हंटचा गम?

मुंबईत हा प्रश्न हवेशी बांधलेला आहे. इन्स्टंट ग्लू ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे पावसाळ्यात झटकन धरतो. जिगमध्ये (व्हेन जागेवर धरणाऱ्या साच्यात) 15-20 सेकंद दाबलं की पुरे. पण हा ग्लू जास्त झाला की कडेला पांढरट भुकटी उमटते आणि काळ्या कार्बन शाफ्टवर (बाणाच्या दांडीवर) ती लगेच डोळ्यांत भरते. म्हणून व्हेनच्या तळाला केसाएवढी बारीक, सलग रेघच ओढायची.

सॉल्व्हंटचा गम सावकाश वाळतो. एका व्हेनला 10 मिनिटं धरली, तर 12 बाणांच्या 36 व्हेनना जिगच्या एका क्लॅम्पवर (चिमट्यावर) सहा तास! मात्र व्हेन तिरकी बसली तर सरळ करायला सवड मिळते, म्हणून नवशिक्याने हाच घ्यावा. हात बसला की प्लॅस्टिक व्हेनसाठी आमची पसंती इन्स्टंट ग्लूला.

शाफ्ट आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग तिथे बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणाच व्हेन सुटायला पुरतो. शाफ्टवर रॅप (गुंडाळलेला स्टिकर) असेल तर अ‍ॅसिटोन नको. गम कुठलाही असो, शेवटी व्हेनच्या दोन्ही टोकांना टाचणीने बारीक थेंब द्या, कारण व्हेन उचकटते ती टोकापासूनच, बहुधा पुढच्या.