डेकसाठी सीडर घ्यावं की प्रेशर-ट्रीटेड?

आमच्या आधीच्या घरी प्रेशर-ट्रीटेड (कुजू नये म्हणून दाबाखाली औषध भरलेल्या) लाकडाचा डेक, म्हणजे घराबाहेरचा लाकडी ओटा होता, आताच्या घरी सीडरचा. दोन्हींनी सिएटलचे सहा-सहा पावसाळे काढले, कुजलं कुठलंच नाही. त्यामुळे "जास्त टिकेल कोण" यावर मी फारसं बोलत नाही. खर्चाचं म्हणाल तर ट्रीटेड बरंच स्वस्त पडतं, आणि मोठा डेक असेल तर तो फरक डोळ्यांआड करता येत नाही.

माझं मत फिरलं ते चिरांमुळे. इथे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रीटेड म्हणून मिळतं ते बहुधा हेम-फर, म्हणजे हेमलॉक आणि फर या झाडांचं लाकूड. हे लाकूड औषध सहज शोषत नाही, म्हणून यंत्राने अंगभर बारीक चिरा पाडतात आणि मग दाबाखाली तांब्याचं औषध आत भरतात. बूट घालून वावरणाऱ्याला या चिरांचं काहीच वाटणार नाही. आमच्याकडे तुळशीची कुंडी डेकवर, उन्हाळ्यात कुरडयांचं वाळवण तिथेच, आणि घरातले सगळे अनवाणी. जुलै-ऑगस्टच्या कोरड्या उन्हात चिरांच्या कडा उकलू लागल्या. आई साताऱ्याहून आली होती. सकाळी तुळशीला पाणी घालायला गेली आणि तळव्यात कुसळ घुसलं. चिमट्याने काढताना अर्धं आतच मोडलं. तिला मधुमेह आहे, त्यामुळे पुढचे आठ दिवस आम्ही रोज तो तळवा निरखत होतो. घासून चिरा काढाव्यात, तर औषध मुरलेला वरचा थरच निघून जातो, आणि ती भुकटी नाकातोंडात जाणं चांगलं नाही.

सीडरला चिरा पाडाव्या लागत नाहीत. वेस्टर्न रेड सीडरच्या गाभ्यातच बुरशीला रोखणारी द्रव्यं असतात. इथले मूळनिवासी कोस्ट सॅलिश लोक पिढ्यान्‌पिढ्या याच्याच फळ्यांची घरं बांधत आले. (हा आपला देवदार नव्हे. देवदार सीड्रस प्रजातीतला, हा थुजा प्रजातीतला.) पण हा गुण फक्त गाभ्याचा. फळीच्या कडेला फिकट पांढरा पट्टा दिसला तर ती बाजूला ठेवा, तो भाग लवकर कुजतो.

सीडर मऊ असतं हे मान्य. आमच्या लोखंडी खुर्चीच्या पायांचे खळगे अजून दिसतात. तेल दिलं नाही तर रंग राखाडी होतो. मला तो आवडतो, बायकोला नाही. स्क्रू स्टेनलेसचेच वापरा, साध्या लोखंडाने काळे ओघळ उठतात. कापताना मास्क लावा, या भुशाने काहींना दमा जडतो.

तुमच्याकडे डेकवर कोणी अनवाणी जात नसेल तर ट्रीटेड घ्यायला माझी ना नाही. नाहीतर वरच्या फळ्यांपुरतं तरी सीडर परवडवा. खालचा सांगाडा आणि जमिनीत जाणारे खांब आम्हीही ट्रीटेडचेच ठेवले. तिथे कोणाचा पाय पडत नाही.